इलोनामावशीच्या हातचं

मावशी,

तुझ्या दफनाच्या वेळी रब्बायनं, आपल्या धर्मगुरूनं, तुझ्याबद्दल जे जे सांगितलं ते सगळं खरं होतं. हंगेरीतलं गाव, दोन छावण्या, स्वीडन, ट्रेंटन, नवरा, मुलगी, हॉस्पिटलच्या किचनमधली एकतीस वर्षं. दहा-बारा मिनिटांत आटपलं. मार्चचा बोचरा वारा सुटला होता आणि माती टाकायला थांबलेले आम्ही सगळे खांदे आखडून उभे होतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बरं झालं, लांबवलं नाही. म्हाताऱ्या माणसांना सर्दी होते."

ती माहिती मी इथे पुन्हा लिहिणार नाही. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि तेही मराठीत, जी तुला येत नव्हती. पण आपण दोघी ज्या इंग्लिशमध्ये बोलायचो ते तरी आपलं कुठे होतं? तुझं हंगेरियन ठसक्याचं, माझं ठाण्याच्या शाळेतलं. गंमत म्हणजे तू गेल्यापासून तुझं बोलणं मला मराठीतच ऐकू येतं.

आपली पहिली भेट तुला माझ्यापेक्षा चांगली आठवायची. आम्ही वेस्ट विंडसरला नुकतेच आलो होतो. माझ्या नवऱ्याचा, डॅनियलचा व्हिसा कामाचा, माझा त्याच्यावर लटकलेला, म्हणजे मला नोकरी करायची मनाई. आमची मुलगी इस्थर तीन वर्षांची. ओळखी व्हाव्यात म्हणून आम्ही शनिवारी सिनेगॉगला आलो. प्रार्थना झाल्यावर सगळे हॉलमध्ये जेवायला बसले, तेव्हा एका बाईनं गोड हसून मला विचारलं, "तुम्ही ज्यू कधी झालात?"

माझ्या सलवार-कमीजकडे बघून विचारलं होतं, त्यात वाईट हेतूही नव्हता. तेवढ्यात तू शेजारची खुर्ची ओढलीस आणि त्या बाईला म्हणालीस, "हिला आधी खाऊ दे. मग मी विचारते."

आणि विचारलंसच. "तुमची माणसं कुठली?"

"कोकणातली. अलिबागजवळची. आम्ही बेने इस्रायल."

"किती वर्षं झाली तिथे?"

"दोन हजार, असं म्हणतात. जहाज फुटलं आणि सात बायका, सात पुरुष किनाऱ्याला लागले. अशी गोष्ट आहे आमची."

"तिथे काय करायचात?"

"तेल गाळायचो. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावातले लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे."

"आणि तुम्हाला हाकललं कोणी?"

"कोणी नाही."

"एकदाही नाही?"

मी खरंच आठवून बघितलं. आजी सांगायची त्या गोष्टींत जमिनीची भांडणं होती, विहिरीवर कोणी कोणाला काय म्हटलं ते होतं, पण हाकलल्याची एकही नव्हती. मी मान हलवली. तू काटा खाली ठेवलास. तुझे ते फिकट निळे, तेव्हाच अधू व्हायला लागलेले डोळे माझ्यावर रोखलेस. म्हणालीस, "दोन हजार वर्षं. आणि शनिवारी सुट्टी!"

त्यानंतर कितीदा तरी तू ती गोष्ट सांगायला लावलीस. "ते तेलवाले सांग ना," म्हणायचीस, लहान मूल गोष्ट मागतं तशी. मी सांगायचे आणि मला मनातून लाज वाटायची. कारण ज्या उन्हाळ्यात तुला छावणीकडे नेणाऱ्या आगगाडीत कोंबलं, त्या उन्हाळ्यात माझ्या आजोबांनी मुलगा टायफॉइडमधून उठला म्हणून एलियाहू हनाबीचा, आमच्या प्रेषिताच्या नावाचा, मलिदा केला होता. पोहे, गूळ, खोबरं, केळी. घरात ती हकिकत नेहमी निघायची. लढाई म्हणजे आमच्याकडे रॉकेलची रांग आणि रेशनचा तांदूळ. तुमच्यावर काय ओढवलंय याचा आमच्या गावात कोणाला पत्ता नव्हता. मी हे एकदा तुला सांगून टाकलं तेव्हा तू म्हणालीस, "छान केलं तुझ्या आजोबांनी. कोणीतरी कुठेतरी जेवत होतं हे ऐकून मला बरं वाटतं."

तुझे डोळे बिघडले आणि तू ड्राइव्ह करणं सोडलंस. मला काम नव्हतं, गाडी होती. दर गुरुवारी सकाळी नऊला मी तुला घ्यायला यायला लागले. बँक, भाजी, डॉक्टर. तू कोट घालून, पर्स मांडीवर ठेवून दाराशीच खुर्चीवर बसलेली असायचीस. नऊ वाजून पाच झाले तर म्हणायचीस, "मला वाटलं मेलीस."

इस्थर मागच्या सीटवर असायची. तिनं तुला काय म्हणायचं हा प्रश्न होता. मिसेस अमुक मला जड वाटे, आणि आजी म्हणायला तू तयार नव्हतीस. "आजी मी माझ्या मुलीच्या मुलांची होईन, झाली तर." मग मी मावशी सुचवलं. म्हणजे काय, तू विचारलंस. आईची बहीण. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस आणि म्हणालीस, "चालेल."

मी तिथे थांबायला हवं होतं. पण मला भाषेची हौस. उत्साहानं सांगायला लागले, "आमच्यात मावशीचं फार असतं. एक म्हणच आहे, माय मरो पण मावशी उरो." आणि तिचं शब्दशः इंग्लिश करून दाखवलं. आई मेली तरी चालेल, आईची बहीण जगू दे.

"गाडी थांबव," तू म्हणालीस.

मी दुकानांच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी घेतली. तू समोर बघत होतीस. मागून इस्थर विचारत होती, "मावशी, आर यू सिक?" तू विचारलंस, "हे कोणी लिहिलं?"

"कोणी नाही. म्हण आहे. बायका म्हणतात."

"म्हणजे कोणीतरी बाई होती जिला माहीत होतं." मग म्हणालीस, "घरी सोड मला."

आठवडाभर मी स्वतःला शिव्या देत होते. पुढच्या गुरुवारी भीत भीत आले, तर तू दाराशी नव्हतीस. किचनमध्ये होतीस, कोट न घालता. टेबलावर दोन कप. "मुलगी शाळेत आहे ना?" तू विचारलंस. "मग बस. आज बँक नाही."

तू जे सांगितलंस ते मी तेव्हा घरी जाऊन डॅनियललाही सांगू शकले नव्हते. आज लिहिते, कारण आता ते ज्या माणसाला कळायला हवं होतं त्याला कळलं आहे.

तू सोळा वर्षांची. गाडीतून उतरवल्यावर बायकांच्या दोन रांगा होत होत्या. तुझ्या आईच्या हाताला तुझा भाऊ पेतर, सहा वर्षांचा. त्यांना एका बाजूला लावलं; त्या बाजूचं कोणी परत आलं नाही. तू त्यांच्यामागे धावलीस. तुझ्या आईची धाकटी बहीण मार्गित, तिनं तुझी बाही धरून तुला मागे खेचलं. तू ओरडायला लागलीस, तर तिनं तुझ्या थोबाडीत मारली, फाडकन. तू इतकी चकित झालीस की गप्प बसलीस, आणि तेवढ्यात रांग पुढे सरकली. "तिनं मला आधी कधी बोटही लावलं नव्हतं," तू म्हणालीस. "माझे लाड करणारी तीच तर होती. त्या एका थपडेवर मी साठ वर्षं जगतेय."

त्यानंतरचे दहा-अकरा महिने मार्गितनं तुला जगवलं. पावाचा तुकडा मिळायचा त्याचे ती दोन भाग करायची, मोठा तुला. तू नको म्हणालीस तर म्हणायची, "वाद घालशील तर पुन्हा मारीन." हिवाळ्यात तुम्हाला उत्तर जर्मनीतल्या दुसऱ्या छावणीत नेलं. तिथे काम नव्हतं, अन्न नव्हतं, पाणीही नव्हतं. फक्त आजार होता. वसंत ऋतू आला तेव्हा मार्गितला उठता येत नव्हतं आणि तुला रांगता येत होतं. तुमच्या दोघींत तेवढाच फरक उरला होता.

मग एके दिवशी दुपारी बाहेरून भोंग्याचा आवाज आला. ब्रिटिशांची गाडी होती, त्यावरून निरनिराळ्या भाषांत सांगत होते की तुम्ही सुटलात. मी तुला विचारलं होतं, मग लोकांनी काय केलं? मला वाटलं होतं, तू सांगशील की लोक रडले, एकमेकांच्या गळ्यात पडले. तू म्हणालीस, "आमच्या बराकीत कोणी हललंच नाही. मार्गितनं विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, संपलं म्हणतायत. तिनं विचारलं, काय संपलं?"

सैनिकांनी जवळ होतं ते वाटलं. बिचाऱ्यांना रडू फुटत होतं, तू म्हणालीस, वीस-बावीस वर्षांची पोरं ती. मांसाचे डबे, वर चरबीचा पांढरा थर. तू रांगत जाऊन एक डबा आणलास. एका सैनिकानं तो सुरीनं उघडून दिला. तुला स्वतःला तापानं अन्नाचा वास सहन होत नव्हता. तू मार्गितचं डोकं मांडीवर घेतलंस आणि तिला बोटांनी भरवलंस. सगळा डबा. इतके महिने तिनं तुला मोठा वाटा दिला होता, आता सगळा तिचा. ती खात होती आणि तू आनंदानं रडत होतीस. खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "चांगलं आहे. वरून पाप्रिकाचं तिखट हवं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ती गेली. तिच्यासारखी आणखी कितीतरी माणसं गेली. इतकी उपाशी राहिलेली आतडी ते अन्न झेलू शकत नाहीत, हे डॉक्टरांना नंतर उमगलं.

"ती भुकेनं नाही मेली," तू म्हणालीस. "ते जमलंच नाही त्यांना. ती सुटली, जेवली, आणि माझ्या हातून मेली."

त्या टेबलापाशी मी जे बोलले ते कोणीही बोललं असतं. तुला माहीत नव्हतं. डॉक्टरांना माहीत नव्हतं. तू सतरा वर्षांची होतीस. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "स्वीडनमधली नर्स हेच म्हणाली. रब्बाय हेच म्हणाला. माझा नवरा तर तीस वर्षं म्हणत होता. सगळे बरोबर आहेत."

"मग?"

"मग काही नाही. तिनं शेवटचं पोटभर खाल्लं ते माझ्या हातचं. नकळत झालं म्हणून मी तो दोष खाली ठेवला, तर तो घासही खाली ठेवावा लागेल. मी दोन्ही जवळ ठेवते."

इथून आपला वाद सुरू झाला आणि दीड-दोन वर्षं चालला. भाजीच्या रांगेत, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये. मला तुझ्या पाठीवरचं ते ओझं उतरवायचंच होतं. एकदा मी म्हटलं, "मार्गितला हे आवडलं असतं का?" तशी तू भडकलीस. "ज्यांना कोणी हाकललं नाही त्यांना सगळं आवरून ठेवायची फार घाई असते!" मला ते फार लागलं. दोन गुरुवार मी आले नाही. तूही फोन केला नाहीस.

मग योम किप्पूर आला. आमच्याकडे जुनी माणसं त्याला दारफाळणीचा सण म्हणतात. देवाची क्षमा मागायच्या आधी माणसांची मागायची असते. आदल्या दिवशी सकाळी तुझा फोन.

"मी तुला दुखावलं का?"

"हो."

"मला क्षमा कर."

"केली. मावशी, आणि मी तुला..."

"तूही मला दुखावलंस. केली. गुरुवारी नऊ वाजता ये, दूध संपलंय."

एवढ्यावर संपलं. माझ्या माहेरी अशी भांडणं वर्षानुवर्षं चालतात.

पुढे तू मला बरं होण्याबद्दलही सांगितलंस, आणि मला खरं तर त्याचंच सगळ्यात जास्त आश्चर्य वाटत आलं आहे. मरणाची हकिकत ऐकून माणूस सुन्न होतो. पण परत जगायला शिकायचं म्हणजे काय, हे मी तुझ्याकडून ऐकलं तसं कुठेही ऐकलं नव्हतं. डब्यांनी माणसं मरायला लागली तेव्हा सैनिकांनी दुसरं काहीतरी आणलं, दूध, साखर आणि पिठाचं मिश्रण. बंगालच्या दुष्काळासाठी ते बनवलं होतं म्हणे. मी एकदा तुला शेवयांची खीर दिली तेव्हा तू पहिला घास घेऊन हसत सुटलीस. "हेच! इतकंच गोड! तुमच्या देशानं मला जेवायला पाठवलं आणि मी थुंकून टाकलं." खीर मात्र तू संपवलीस.

मग जहाजानं स्वीडन. पांढऱ्या चादरी. एक नर्स दर तासाला चमच्यानं थोडंसं काहीतरी भरवायची आणि वाटी घेऊन जायची. अजून हवं म्हणून तू तिच्या हाताला कडकडून चावलीस. ती हाताला पट्टी बांधून पुढच्या तासाला पुन्हा आली. जिना चढायला शिकायला तुला सात आठवडे लागले. उशीखाली पाव लपवायची सवय जायला त्याहून जास्त. केस आले ते आधी कुरळे आले, मग सरळ झाले. पहिल्यांदा पाळी परत आली तेव्हा वॉर्डातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

"मग तू सुटलीस कधी?" मी विचारलं होतं. तोपर्यंत मला कळलं होतं की त्या भोंग्याच्या दिवसाला तू सुटका म्हणत नाहीस.

तू लगेच उत्तर दिलंस, म्हणजे ते तुझ्याकडे तयार होतं. "शरद ऋतूत. दुपारी जेवताना बाहेर मुली चेंडू खेळत होत्या. मला त्यांनी हाक मारली. मी उठून गेले. बराच वेळ खेळून आल्यावर बघितलं, माझ्या ताटात अर्धा बटाटा होता. मी अर्धा बटाटा ताटात ठेवून उठले होते, आणि मला आठवणसुद्धा राहिली नव्हती."

मी रस्त्यावरच्या कितीतरी स्वातंत्र्यदिनांच्या मिरवणुका पाहिल्या आहेत. त्या बटाट्याइतकं स्वातंत्र्य मला कशात दिसलं नाही.

आणि मग माझी पाळी आली. इस्थरनंतर सात वर्षांनी मला दिवस राहिले होते. सहाव्या महिन्यात बाळ गेलं. हॉस्पिटलमधून घरी आले आणि मी जेवणं सोडलं. ठरवून नाही, घास तोंडात गेला की गिळायचं कसं तेच आठवेना. आईचा व्हिसा झाला नाही. डॅनियल ताट घेऊन यायचा, रडायचा आणि ताट घेऊन परत जायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं तुला फोन केला.

तू टॅक्सी करून आलीस. तुला धड दिसत नव्हतं, बर्फ पडलं होतं, आणि हातात टॉवेलात गुंडाळलेलं बटाट्याच्या सूपचं भांडं. पलंगाशी इस्थरची छोटी खुर्ची ओढून बसलीस. देवाचं नाव घेतलं नाहीस, पुन्हा होईल म्हणाली नाहीस. "तोंड उघड," एवढंच. एक लहान चमचा. मग वाटी खाली ठेवून तू माझ्या चेहऱ्याजवळ चेहरा आणलास आणि माझा गळा बघत राहिलीस. मी गिळलं. खूप वेळानं दुसरा. तुझा हात इतका थरथरत होता की सूप माझ्या हनुवटीवर ओघळलं. मला वाटलं, वय झालंय.

चार चमच्यांनंतर म्हणालीस, "आज पुरे." आणि खुर्चीवर तशीच बसून राहिलीस, संध्याकाळी डॅनियल येईपर्यंत. मला समजेना, भरवून झालं, आता ही कशाची वाट बघतेय. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलीस तेव्हा तुझा थरथरता हात माझ्या तोंडापाशी आला, आणि मला एकदम कळलं की हा कुठला हात आहे. मी रडायला लागले. तू म्हणालीस, "रडतेस ते चांगलं. रडताना गिळू नको, ठसका लागेल."

नऊ दिवस आलीस. नवव्या दिवशी मी उठून वरणभात लावला आणि टेबलाशी बसून जेवले. तू समोर होतीस. माझं ताट रिकामं झाल्यावर तू कोट घातलास आणि म्हणालीस, "आता मला यायचं कारण नाही." मी तुला मिठी मारली तर म्हणालीस, "टॅक्सीचं मीटर चालू आहे."

त्यानंतर मी तुझ्याशी तो वाद कधी घातला नाही. तुझं बरोबर होतं की माझं, ते तसंच राहिलं.

मार्गरेटचं तू फार कमी बोलायचीस. तुझी एकुलती एक मुलगी, दूर सनीव्हेलला कॉम्प्युटरच्या चिप्स डिझाइन करते, वर्षातून दोनदा येते, आल्यावर तुझ्या घरातले सगळे बल्ब बदलून जाते. तुम्हा दोघींत काहीतरी ताठर होतं. एवढं मात्र मला कळत होतं, की मार्गरेट म्हणजे मार्गित. गेल्या उन्हाळ्यात मी तुला विचारलं, तिला सांगितलंस का?

"मावशी होती, लढाईत गेली, एवढं माहीत आहे तिला."

"बाकीचं?"

"बाळाला नाव द्यायचं आणि त्याच्याबरोबर हेही द्यायचं?" मग बराच वेळ टेबलावरचे चुरे गोळा करत होतीस. "मी गेल्यावर तिनं विचारलं तर सांग. नाही विचारलं तर नको."

मी हो म्हटलं. फार मोठी गोष्ट माझ्या पदरात टाकलीस, मावशी.

तुझ्या शिव्ह्याच्या, म्हणजे सात दिवसांच्या सुतकाच्या, सहाव्या दिवशी लोक येऊन गेल्यावर मी भांडी घासत होते. मार्गरेट सुतकात बसायच्या बुटक्या स्टुलावरून उठून किचनमध्ये आली. बावन्न वर्षांची बाई, तुझ्यासारखेच फिकट निळे डोळे, सहा दिवसांत विस्कटून गेलेली. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "माझं नाव जिच्यावरून ठेवलं, ती नक्की कशानं गेली? तुला सांगितलं असेल आईनं."

मी हात पुसले आणि सांगितलं. थप्पड, पावाचा मोठा वाटा, डबा, पाप्रिका. काही गाळलं नाही. तू ज्या खुर्चीवर बसून मला सांगितलंस त्याच खुर्चीवर ती बसली होती.

ती रडली नाही. म्हणाली, "तिनं मला कधी भरवलं नाही, माहितेय? कधीच. बाटलीसुद्धा डॅड द्यायचे. ते कामावर असले की शेजारची बाई. आई स्वयंपाक करायची, ताट ठेवायची आणि किचनमधून निघून जायची. मी मोठी होईपर्यंत मला वाटायचं, मी तिला नकोय."

नऊ दिवस. मला इतकी वर्षं कधी वाटलंच नव्हतं की मी जे खाल्लं ते दुसऱ्या कोणाला मिळालं नव्हतं. मी सिंकमधल्या भांड्यांकडे बघत राहिले.

"तिनं कोणाला कधी भरवलं असेल का?" मार्गरेटनं विचारलं. "त्यानंतर?"

क्षणभर वाटलं, नाही म्हणावं. तिला आणखी किती द्यायचं? पण तू म्हणाली होतीस, विचारलं तर सांग. मी म्हटलं, "मला." आणि बाळाचं सांगितलं, बर्फाचं, टॅक्सीचं, चमच्याचं. मला वाटत होतं, आता ही उठून जाईल, आणि गेली तर तिचा हक्कच आहे.

मार्गरेटचे डोळे माझ्यावर खिळले होते. तिनं माझा ओला हात धरला.

"नऊ दिवस?"

"हो."

"आणि मग तू बरी झालीस. जेवलीस."

"हो."

"तिच्यासमोर? तिनं बघितलं?"

"समोरच बसली होती. ताट रिकामं होईपर्यंत."

मार्गरेटनं तोंडावर हात घेतला आणि तिच्या घशातून हसणं की रडणं काहीतरी आलं. "ओ मॉम," ती म्हणाली. "मॉम, शी लिव्ह्ड."

मावशी, मी तुझ्याशी दोन वर्षं हुज्जत घातली, तुझं ओझं उतरवायला निघाले होते. त्या नऊ दिवसांत तू काय करत होतीस, माझ्या गळ्याकडे बघत संध्याकाळपर्यंत कशाची वाट बघत बसायचीस, हे मला निम्मंच कळलं होतं. तुझ्या मुलीला ते एका क्षणात कळलं. शेवटी मुलगी कोणाची.